नीमचं कापड

आळंदच्या कापडदुकानातले अण्णा जीनची पँट विकताना गिऱ्हाइकाला आधी फ्रान्सला नेतात. फ्रान्सच्या दक्षिणेला नीम नावाचं शहर आहे आणि डेनिम म्हणजे ‘नीमचं’, हे त्यांना एका कापड एजंटानं सांगितलं. अण्णा मूळचे जवळच्या निंबर्गा गावचे. नीम म्हणजे निंब, एवढा पुरावा त्यांना पुरला आणि ते शहर भावकीत जमा झालं.

“ऊन आपल्यासारखंच, डोंगर बी खडकाळ,” पँट झटकत ते सांगतात. “पहिले विणकामावर जगायचे, आता भवताली द्राक्षं लावायलेत. रोमन लोकांनी तिथं लांबून पुलावरून पाणी आणलं. मग आपल्याला टँकर कामून?” हे मला विचारतात, जणू मीच आळंदचा नगराध्यक्ष.

त्यांच्या पुतणीला बघायला आलेला मुलगा जीन घालून आला, तेव्हा घरात कुजबूज झाली. अण्णांनी त्याच्या गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून पाहिलं. “पोरगं आपल्या गावचं कापड घालून आलंय. ठरवून टाका.” ठरलंही.

मला राहवलं नाही. परवा मोबाईलवर त्या शहराचे फोटो दाखवत मी म्हणालो, “अण्णा, यात निंबाचं एक झाड दिसंना.”

चष्मा लावून त्यांनी एकेक रस्ता निरखला.

“व्हय की,” ते हळूच म्हणाले. “रस्ता रुंद करताना तोडले असतील. आपल्याकडं बी तेच केले न्हाई का?”

मग उठून, भावकीत कुणी गेल्यावर ओढतात तसं, त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.