सकाळी दिलेला शब्द

मी बीडच्या कोर्टात कारकून आहे. मला रोज सोडणारा रिक्षावाला ख्रिस्ती आहे. सकाळच्या प्रार्थनेत तो देवाला एकेक शब्द देतो, आणि तो पाळताना उशीर मात्र मला होतो. कधी वाटेत दवाखान्यात कुणाचा डबा पोचवायचा असतो, कधी एखाद्या म्हातारीला स्टँडवर सोडायचं असतं. मी चिडले की म्हणतो, "ताई, देवाला बोललोय."

मागच्या सोमवारी त्यानं एका घरासमोर रिक्षा थांबवली. कित्येक वर्षं अबोला असलेल्या थोरल्या भावाचं ते घर.

"आज माफी मागायची हाय."

"संध्याकाळी मागा की! मला उशीर होतोय."

"तवर हिंमत न्हाई टिकायची, ताई."

भावानं त्याला पाहिलं आणि दार लावून घेतलं. हा बंद दारापुढं उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "दादा, चूक माझीच होती." मग येऊन त्यानं रिक्षा सुरू केली.

कोर्टात उशिरा पोचले म्हणून साहेब मला सगळ्यांसमोर बोलले. मी दुसरी रिक्षा लावायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधीच दारात हजर. "दादाकडं परत जायचंय. तुमाला उशीर न्हाई होऊ द्यायचा, हे बी देवाला बोललोय."

मी चडफडत, ओले केस तसेच बांधून रिक्षात बसले.