क्लचला बांधलेली घंटी

पुलाच्या चढावर गाडी थांबली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे सगळं शहर घरी निघालं होतं. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. नटाने घसा ताणून गावं आणि आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाऊ नये, तशातली गत. मग जळका वास आला. मागच्या बसने हॉर्न दिला, तिच्यामागच्या टेम्पोने दिला, आणि बघता बघता सगळ्या पुलाने कोरस धरला.

"अरे, हे तर आपले पायकाढे सर!"

पायकाढे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांनी अडतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं, आणि त्या काळात शेजारच्या सीटवरून एकच वाक्य लाखभर वेळा तरी म्हटलं असेल : "क्लचवरून पाय काढ!" विद्यार्थ्यांनी त्या वाक्याचं आडनाव केलं आणि शहराने ते कायम केलं.

आता त्याच विद्यार्थ्यांपैकी तिघे-चौघे ढकलायला धावले. "सर, न्यूट्रल करा! हँडब्रेक सोडा, सर!" ज्याने शिकवलं त्यालाच शिकवणं चाललं होतं. गाडी स्पोर्ट्स कार, इतकी बुटकी की आत बसलेल्या सरांना कुणाचं तोंड दिसेना. दिसत होती फक्त शर्टांची बटणं, कमरेचे पट्टे आणि हसून हलणारी पोटं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती नुसती नांदी होती. खरी लाज अजून विंगेत उभी होती.

ही गाडी त्यांनी स्कूल बंद केल्यावर घेतली होती. सेकंडहँड, दोनच सीटांची, पिवळीजर्द. आयुष्यभर शेजारी बसून दुसऱ्यांच्या चुका पाहिल्या, आता एकदा आपण चालवायचं आणि शेजारी चुका काढायला कुणी नको, एवढीच हौस. विकणाऱ्याने नवी क्लच-प्लेट घालून दिली आणि वर वर्षाची वॉरंटी. पत्नी पहिल्यांदा आत बसली तेव्हाच म्हणाली होती, "बसवलंत खरं, आता उतरवायला क्रेन बोलवा. या वयात घोडनवरा बघायचा राहिला होता, तोही बघितला."

स्कूलची जुनी गाडी मात्र त्यांनी विकली नव्हती. ती घरामागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. शिकवायच्या गाडीला असतात तशी तिला क्लच-ब्रेकची दोन जोड पेडलं होती. एक जोड शिकणाऱ्यापुढे, एक शिकवणाऱ्यापुढे, आणि दोन्ही दांडीने एकमेकांना जोडलेली. त्यात सरांची स्वतःची एक भर होती. शिकणाऱ्याच्या क्लचला त्यांनी पितळेची लहानशी घंटी बांधली होती. गिअर बदलताना वाजली तर ठीक. एरवी वाजली की समजायचं, पाय उगाच क्लचवर रेलला आहे.

"सर, माझा पाय खालीच आहे हो," असं कुणी कुरकुरलं की सरांचं उत्तर ठरलेलं, टाळी घेणाऱ्या वाक्यासारखं घोटलेलं : "माणूस खोटं बोलतो. घंटी बोलत नाही."

त्यांच्या मुलीलाही त्यांनीच शिकवायला घेतलं होतं. घरात तिला बेबी म्हणत. आज ती एक्केचाळीस वर्षांची आहे, हॉस्पिटलात नर्स आहे, तरी बेबी ती बेबीच. तेव्हा ती वीस वर्षांची होती. भर चौकात घंटी लागोपाठ तीनदा वाजली.

"बाबा, शप्पथ, पाय खाली होता."

मागच्या सीटवर दोन विद्यार्थी आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. त्यांच्यादेखत सर म्हणाले, "उतर. तुझ्या पायाला अक्कल नाही."

ती उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर वीस वर्षं तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. मग सहा महिन्यांपूर्वी, कुणाला न सांगता, दुसऱ्याच एका स्कूलमध्ये शिकली आणि लायसन्स आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सर "बरं झालं" म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

गाडी बंद पडल्याच्या तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून बोलावणं आलं. काउंटरमागे एक पडदा, पडद्यामागे वर्कशॉप. टेबलावर पेपर पसरून त्यावर काळी पडलेली क्लच-प्लेट ठेवली होती. शेजारी फोरमन उभा होता. वाळका, कमी बोलणारा माणूस, हात पुसायचं फडकं खांद्यावर.

"ही बघा. करपलीय. प्लेट जिच्यावर घासते त्या चकतीवर, फ्लायव्हीलवर, निळे डाग आलेत. साडेतीन महिन्यांत असं होत नसतं."

"पार्टच खराब असणार," सर म्हणाले. "म्हणून तर वॉरंटी असते."

"पार्ट चांगला आहे, सर. कुणीतरी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतं."

सरांची मान सहज खाली गेली. टेबलाखाली त्यांच्या डाव्या पायाची टाच जमिनीवर होती आणि चवडा चार बोटं वर, तयार, जणू समोर पेडल आहे. अडतीस वर्षं तो पाय शेजारच्या सीटसमोर असाच राहिला होता, समोरचा कधी चुकतो आणि आपण कधी दाबतो याच्या तयारीत. आता स्वतःच्या गाडीत त्याच पायाखाली चालवणाऱ्याचा क्लच आला आणि पायाने आपली जुनी नोकरी सुरू ठेवली. सरांना सगळं एका क्षणात कळलं. त्यांनी पाय झटकन खुर्चीखाली ओढला, चोरी लपवावी तसा.

काउंटरवरची बाई त्यांचीच विद्यार्थिनी, तिसऱ्या खेपेला पास झालेली. ती खळखळून हसली. "काय सांगता काय, फोरमन! पायकाढे सरांच्या गाडीत क्लचवर पाय? आम्हाला त्या घंटीने स्वप्नात छळलंय!" बाकावर बसलेली दोन-तीन गिऱ्हाइकंही हसली, आणि सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. "मग दुसरं कोण चालवतं, सर?"

खरं बोलायला एवढी मोकळी जागा माणसाला क्वचित मिळते. तीन शब्दांचं वाक्य होतं.

"मुलगी," सर म्हणाले. "मुलगी चालवते कधीमधी."

त्यात फायदा छदामाचा नव्हता. "क्लेम काही बसणार नाही," बाई म्हणाली. "माणसाच्या सवयीला वॉरंटी नसते. पण फॉर्मवर चालवणाऱ्याचा होकार लागतो, फोनवरचा चालेल. नंबर सांगता?"

मुलगी ड्यूटीवर असेल, उचलणार नाही, असं मनाशी म्हणत सरांनी नंबर सांगितला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. बाईने लिहायला हात मोकळा हवा म्हणून स्पीकर लावला, प्रश्न वाचून दाखवला.

पलीकडे ट्रॉली सरकल्याचा आवाज आला. मग बेबीने विचारलं, "बाबा आहेत का तिथे?"

"हो, समोरच बसलेत."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"चालवली होती मी," ती म्हणाली. "माझाच पाय असेल."

फोरमनने सरांकडे पाहिलं नाही. त्याने सरांच्या डाव्या बुटाकडे पाहिलं. चवड्याखाली त्याचा तळ झिजून उजव्याच्या निम्मा राहिला होता. मग तो फडक्याने हात पुसत पडद्याआड गेला.

बेबीने ती गाडी एकदाच चालवली होती. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी, हॉस्पिटल ते घर, अकरा किलोमीटर. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणून कान आणखी तिखट झाले होते. सगळ्या रस्ताभर त्यांनी तिची चूक शोधली. एकही सापडली नाही. उतरताना ते एवढंच म्हणाले होते, "मागचा आरसा जरा वर करून घेत जा."

रविवारी बेबी घरी आली. फोनचा विषय तिने काढला नाही. आईच्या हातून चहाचा कप घेतला आणि सहज सांगावं तसं म्हणाली, "ती घरोघरी जाऊन पेशंट बघायची जागा होती ना, ती मी नको म्हणतेय. उद्या पाचपर्यंत पत्र द्यायचंय."

"अगं, का पण?" आई कप ठेवून उठलीच. "दिवसाची ड्यूटी, हॉस्पिटलची गाडी. लायसन्स काय शोभेला काढलंस?"

"गाडी स्वतः चालवायची असते, आई. अकरा किलोमीटरमध्ये मी बाबांच्या गाडीचा क्लच जाळला. पेशंटची औषधं घेऊन मी कुठल्या चढावर अडकू?" ती हसली, पण ते हसू ओठांपुरतं होतं. "काहींच्या पायाला अक्कल नसते."

सरांच्या हातात बिस्कीट होतं. ते चहात विरघळून बुडालं, तरी त्यांची बोटं तशीच धरलेली राहिली. वाक्य तोंडाशी आलं होतं. पत्नी बघत होती, मुलगी बघत नव्हती, आणि वाक्य परत गेलं. बेबी चप्पल घालून निघून गेली.

"तुम्हाला काही बोलायचं होतं का?" पत्नीने विचारलं.

"नाही."

"मग माझ्या पायावरचा पाय काढा. मघापासून दाबताय."

सर उठून अंगणात गेले. घरात बसवेना, म्हणून ताडपत्री ओढून ते जुन्या गाडीत शिरले. सवयीने शेजारच्या सीटवर बसले. ही त्यांची हक्काची जागा, इथे त्यांना कधी कुणी चूक म्हटलं नव्हतं. समोर धुळीची काच, बाजूला चालवणाऱ्याची रिकामी सीट. कसले कसले लोक त्या सीटवर येऊन गेले. लग्न ठरलेली पोरगी, साठीतला हेडमास्तर, थरथर कापणारा पैलवान. आणि बेबी, दोन वेण्या घालून. चौक आठवला. डावीकडून सायकलवाला आला होता, बेबीने त्याला वेळेवर पाहिलंही होतं...

घंटी वाजली.

सरांनी बाजूला पाहिलं. सीट रिकामी होती. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा चवडा आपल्या बाजूच्या क्लचवर होता, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी बसलेलं नव्हतं, पितळेची घंटी अजून हलत होती.

त्यांनी पाय उचलला. पुन्हा ठेवला. घंटी पुन्हा वाजली.

दांडी त्यांनीच बसवून घेतली होती, घंटी त्यांनीच बांधली होती. तरी अडतीस वर्षांत ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. "सर, माझा पाय खालीच आहे हो." किती जण म्हणाले असतील? सगळेच खरे असतील असं नाही, पण किती? ऊन उतरेपर्यंत सर तिथेच बसून होते. पत्नीने खिडकीतून दोनदा हाक मारली.

सोमवारी दुपारी त्यांनी जुनी गाडी बाहेर काढली. स्वतः चालवत. घंटी काढली नाही. नाक्यावर वाजली, बाजारात वाजली, जिथे वाजायला नको तिथे तिथे वाजली. फुटपाथवरचे लोक ओळखीच्या आवाजाने वळून बघत आणि हात करत. सर दर खेपेला पाय काढत आणि पुढच्या वळणावर तो परत तिथेच असे.

आधी ते सर्व्हिस सेंटरवर गेले. "माझा फॉर्म द्या."

"सर, क्लेम नामंजूर झालाच आहे. आता कोण वाचतंय तो?"

"द्या, बाई."

'मुलगी' या शब्दावर त्यांनी रेघ मारली आणि वर लिहिलं : 'मी स्वतः.' मग बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात ते म्हणाले, "पाय माझा होता." कुणी हसलं नाही, तेच सहन होईना. पडदा सारून फोरमन बाहेर आला होता.

"मला बुटावरून कळलं होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मुलीनेच हो म्हटलं. मग मी कोण?"

साडेचारला ते हॉस्पिटलच्या आवारात पोचले. बेबी बाहेर आली, हातात लिफाफा. "बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. गाडीत बस. पाचच मिनिटं."

ती चालवणाऱ्याच्या सीटवर बसली. या सीटवर ती एकवीस वर्षांनी बसत होती, आणि अंग चोरून बसली होती. सर शेजारी बसले.

"दोन्ही पाय खाली ठेव," ते म्हणाले. "आणि काही करू नकोस."

घंटी वाजली.

बेबीने चटकन आपल्या पायांकडे पाहिलं. नर्सचे पांढरे बूट, दोन्ही जमिनीवर सपाट. घंटी दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. मग तिची नजर हळूहळू दांडीवरून सरकत सरांच्या बुटापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"चौकात," सर म्हणाले, "त्या दिवशी... आणि परवाचा क्लचसुद्धा..." पुढचं पाठ करून आणलं होतं, रस्ताभर घोकलं होतं. एक शब्द आठवेना.

आवारात एक अॅम्ब्युलन्स आली आणि रिकामी होऊन गेली.

"परवाचं मला ठाऊक होतं," ती शेवटी म्हणाली. "तुमची लाज राहावी म्हणून हो म्हटलं. पण मग वाटलं, बाबा माझं नाव सांगतात म्हणजे माझ्यात काहीतरी असेलच. चौकातही होतंच ना." तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "वीस वर्षं मी बसने फिरले, बाबा."

"हो."

"पावसापाण्याची. नाईट करून."

"हो."

"उतरा."

सर उतरले. त्यांनी दार लावलं. तिने खिडकीतून लिफाफा त्यांच्याकडे सरकवला. "हे धरा. फाडू नका, अजून माझं ठरलेलं नाही." आणि तिने गाडी सुरू केली.

सर लिफाफा छातीशी धरून, शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे फुटपाथवर उभे राहिले. गाडी सुटली. पहिला गिअर, घंटी. दुसरा गिअर, घंटी. मग आवाराच्या भिंतीकडेने लांबच लांब सरळ रस्ता, आणि सर कान देऊन ऐकत होते. काही नाही. टोकाला वळण आलं, तिथे एक हातगाडी आडवी होती. सरांचा डावा पाय नकळत फुटपाथवर दाबला गेला.

बेबी हातगाडीला वळसा घालून गेली. घंटी वाजली नाही.