दुधरामचा पाय आणि नहरीचं वेळापत्रक

चोरखमाऱ्यात बातमी पसरली होती की नहरीचा चौकीदार दुधराम नशेच्या गोळ्या खाऊन राहिला. खरं उलटं होतं. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेली ट्रामाडॉल तो धड खातच नव्हता, आणि त्यापायी पट्टी करणाऱ्या अल्का सिस्टरचं डोकं फिरायची वेळ आली होती.

शुगरवाला माणूस. नहरीचं पाणी सोडायच्या गेटाच्या पत्र्यानं पायाच्या अंगठ्याला कापलं, महिना झाला तरी जखम भरेना. नाही भरली तर अंगठा काढावा लागेल, हे डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. अशात नागपूरला फार्मसी शिकणारा पुतण्या वीरेंद्र सुट्टीत आला. त्यानं वाचलं होतं की ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या औषधांनी उंदरांच्या जखमेत नव्या रक्तवाहिन्या हळू फुटतात. काही प्रयोगांत मात्र उलटं दिसलं, कॅन्सरच्या गाठीत तर त्या वाढल्याही, आणि माणसाचं अजून पक्कं नाही. हे सारं तो सांगायला बसला, पण दुधराम पहिलं वाक्य ऐकूनच उठून गेला.

मग नहरीचा काही दिवस बंद, काही दिवस चालू असा पाळीचा कायदा त्यानं पायाला लावला. चार दिवस गोळी बंद, म्हणजे नहरीचं पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं तसं रक्त अंगठ्यापर्यंत पोचेल. तीन दिवस गोळी चालू, म्हणजे ठणका थांबेल. बंदच्या दिवसांत बाजेवर पडवत नाही, म्हणून लंगडत गेटावर. चालूच्या दिवसांत दुखत नाही, म्हणून तरातरा गेटावर.

पट्टी सोडावी तेव्हा ओली. हा हिशेब कळल्यावर अल्कानं आधी वीरेंद्रला झापलं, मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शंका वेडी नाही, पण गोळी थोड्याच दिवसांची आहे, नेमानं घेऊ दे, मग साध्या गोळीवर आणू. जास्त नुकसान शुगरनं आणि चालण्यानं होऊन राहिलं.

"दुधरामभाऊ," अल्कानं विचारलं, "धानाचा रोवणा झाल्यावर बांधीत रोज नाचता का तुमी?"

"कायले नाचू? रोवलेले परे उपटतीन ना."

"मंग जखमीत नवं मास धरून राहिलं, त्याच्यावर काऊन नाचता?"

"गेट कोण पाहीन?"

"चंदावहिनी. त्यायले तुमच्यापेक्षा जास्त समजते."

बायको चंदा गेटावर गेली. हा माणूस डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे बाजेवर टिकणार नाही, अशी पैज मीच त्याच्याशी लावली होती; गावात त्याची नक्कल करून लोकांना हसवणारा तो मीच. मी हरलो तर महिनाभर त्याची नक्कल बंद. तो टिकला. बाजेवरून साऱ्या गावाला शिव्या देत, गोळ्या वेळेवर घेत टिकला. जखम भरली, अंगठा राहिला, आणि मी गप्प आहे.