पेन्सिलीने गेलेलं कुंकू

माझ्या जाऊबाईंना, गोदावरीबाईंना, अकोल्यात कोणी ओळखत नसे. पण जुन्या शहरातलं असं एक घर दाखवा, जिथे त्यांच्या हातून सुधारलेलं तोंड भिंतीवर टांगलेलं नव्हतं!

फोटोचं दुकान थोरल्या भावोजींचं, कमलाकांतांचं. बायकोला काचेवरचं काम त्यांनीच शिकवलं. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा, तोही उलटा. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. देवीचे व्रण कागदावर काळे उमटू नयेत म्हणून काचेवर त्या जागी टोकदार पेन्सिलीने भरायचं. काळं हवं तिथे चाकूने खरवडायचं. भावोजी बजावत, पेन्सिल टर्पेंटाइनच्या एका थेंबाने निघते, चाकूचं मात्र कायमचं.

विषमज्वराने भावोजी गेले आणि दुकान आमच्या यांच्याकडे आलं. माझाच नवरा, पण मी पातूरची, आमच्याकडे खरं ते तोंडावर बोलतात. यांना फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. उजेड सरळ तोंडावर घ्यायचे, माणूस पोळीसारखा सपाट. पडद्यावर रंगवलेला खांब नेमका पाटलाच्या डोक्यातून उगवायचा! जाऊबाई आतून सांगत, "हरिहरभाऊजी, माणसाले खिडकीकडे वळवा. पडद्यापासून दोन हात पुढे बसवा." हे कशाला ऐकतात? आत बसलेली बाई सगळं निस्तरत होतीच.

मागच्या खोलीला एकच खिडकी. तिलाही काळा कागद डकवलेला, मधे वीतभर भोक. भोकातून उजेड आरशावर, आरशातून काचेवर. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जाऊबाई त्या भोकासमोर वाकलेल्या. विधवेनं गिऱ्हाइकासमोर यायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. मी नुसतं पाणी द्यायला आत गेले तरी माझा जीव गुदमरायचा.

एकदा अमरावतीहून मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अनुपमाबाई फोटोसाठी आल्या. नमुने बघून म्हणाल्या, "हे काम कोणाचं?" मी फटकळ, सांगून मोकळी झाले. त्या तडक आत गेल्या. "आमच्याकडे चित्रकलेला बाई नाही. राहायला खोली देऊ. याल?"

त्या दिवशी जाऊबाईंना आनंदानं जेवण गेलं नाही. आमचे हे मात्र उसळले. "वहिनी गेल्या तं दुकानाले कुलूप लावू काय?" अनुपमाबाई म्हणाल्या, महिनाभर वाट पाहते.

मी जाऊबाईंना गाठलं. "दोन काचा बिघडवा. हात गेला म्हणून हे बोंबलतील, अन् सोडतील तुमाले."

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात भावोजींचं वर्षश्राद्ध आलं. सासूबाईंनी पेटीतून एक काच काढली. भावोजी आणि जाऊबाई दोघांचा फोटो, भावोजींनी स्वतःच घेतलेला. कॅमेऱ्याला जोडलेल्या लांब नळीचा रबरी फुगा हातात लपवून, तोच दाबून. बायकोचा चेहरा उजेडात, स्वतः अर्धे सावलीत. आणि तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"हरिहर, हा बैठकीत लाव," सासूबाई म्हणाल्या. "पण हिचं कुंकू आता लोकायले कसं दाखवायचं? काढाले सांग."

कोणाला सांग? तिलाच! आणि लाज वाटते सांगायला, पण पुढच्याच क्षणी मनात आलं, हीच काच बरी. मी जाऊबाईंच्या कानात म्हटलं, "पाडा डाग अन् सुटा."

चौथ्या दिवशी फोटो छापून आला. कपाळ असं स्वच्छ की तिथे कधी काही नव्हतंच. सावलीसुद्धा जिथल्या तिथे.

"अवो, हे काय केलं तुमी? काहून?" मी जवळजवळ ओरडलेच.

"यायनं काढलेला आमचा दोघांचा एवढाच फोटो आहे, सत्यभामा," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर डाग पाडाले हात वळलाच नाही माझा."

आमचे हे खुलले. एक प्रत बैठकीत लागली, दुसरी दुकानाच्या काचकपाटात. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "इथं कुंकू होतं, ओळखा कुठं!" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. आता दुसरी काच बिघडवून काय उपयोग? ज्या हातानं हे केलं, तो हात गेला असं कोण मानेल? महिना भरायच्या आधीच अनुपमाबाईंना नकाराचं पत्र गेलं.

पुढे सोळा वर्षं जाऊबाई त्याच भोकासमोर बसल्या. एका संक्रांतीला बाहेर बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं. मला राहवेना. ती काच आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन मी आत गेले. "जाऊबाई, पेन्सिलच तं आहे, एक थेंब टाका. कुंकू परत येते. कोणी पाहून नाही राहिलं."

त्यांनी काच उजेडासमोर धरली. मग कागदात गुंडाळून माझ्या हातात परत दिली.

"पेन्सिल पुसली असती गं," त्या म्हणाल्या. "पण उद्या दिसलं की ती जागा पुन्हा भराले मलेच बसवतील."