ताईंचा कीबोर्ड

ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही आणि पुढे शाळाच नव्हती. तेव्हा चुका झाल्या तर माफ करा. अक्षरही वेडंवाकडं आहे. उजव्या हाताचं मधलं बोट नवऱ्याने एकदा वरवंट्याने ठेचलं, तेव्हापासून ते वाकत नाही आणि पेन निसटतं. नवरा आता नाही. बोट आहे.

इकडे कानडी मुलखात, सर्जापूर रोडला एका उंच इमारतीत मी स्वयंपाक करायचे. ताई पुण्याच्या, कम्प्युटरचं काम घरूनच करायच्या. त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे साहेबांची, नोकरी सुटली होती, ते दिवसभर आतल्या खोलीत असत. एका सकाळी गेले तर ताईंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि डाव्या हाताची बोटं पट्टीने एकत्र बांधलेली.

"बाथरूममध्ये पडले, मावशी."

बाथरूममध्ये पडलेल्या बाईच्या गळ्यावर अंगठे उमटत नाहीत. बेडरूमच्या दाराच्या चौकटीला रक्त वाळलं होतं, ते मी ओल्या फडक्याने पुसलं.

ऑफिसात कुठलीतरी जुनी यंत्रणा होती. तिचं सगळं वाचून ताईंना शुक्रवारी दुपारी फोनवर लोकांना समजावून सांगायचं होतं. नाही जमलं तर काम दुसऱ्याला देणार आणि ताईंना काढणार. साहेब जेवताना हसून म्हणाले, "बसू दे की घरी. मग जाशील कुठे?" ताईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला गुपचूप एक खोली बघून ठेवली होती, मला ठाऊक होतं. पगार गेला असता तर ती खोलीही गेली असती.

ताईंनी मला बोलावलं. "मावशी, एबीसीडी येते?"

"मोठी येते. बसच्या पाट्यांवरची."

"बास. बटणांवर मोठीच असते."

वाचायचं ते काळ्या पडद्यावर होतं. पांढरी अक्षरं, एक चित्र नाही. तिथे माउस चालत नव्हता, सगळं बटणांनीच. लांब पट्टी दाबली की पान पुढे. बी दाबलं की मागे. जी म्हणजे अगदी पहिलं पान. तिरकी रेघ दाबून ताई सांगतील ती अक्षरं लिहायची, की तो शब्द सापडायचा. मग एन दाबत राहिलं की तोच शब्द पुढे जिथे जिथे असेल तिथे नेतं. क्यूला हात लावायचा नाही, क्यूने सगळं मिटतं.

पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, "सुरुवातीला चला. जी." मी दाबलं, तर आलं शेवटचं पान. "एन," म्हणाल्या, तर शब्द उलटे मागे पळायला लागले.

"मावशी, काय करताय?"

"तुम्ही म्हणता तेच करतेय की."

त्यांनी वाकून बघितलं. कीबोर्डच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागला होता. तो मीच लावला होता. मिक्सर काय, पाण्याचं मशीन काय, दिवा लागल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही. इथेही एका बटणाने दिवा लागतो असं दिसलं, म्हणून आधी लावून घेतला.

"अहो, तो लागला की मोठी अक्षरं जातात! मोठा जी म्हणजे शेवट, मोठा एन म्हणजे उलटं!" ताई हसल्या. हसताना फाटलेला ओठ पुन्हा उघडला आणि हनुवटीवर रक्त आलं. मी पदराने टिपलं.

तो कीबोर्ड लॅपटॉपला वायरीने जोडलेला, जड, लोखंडी पाठीचा होता. दाबला की खाडखाड वाजायचा. आतून साहेब ओरडायचे, "बंद करा ती खटखट!"

शुक्रवारी फोनला अजून वेळ होता. महत्त्वाचं पान सापडलं तशा ताई म्हणाल्या, "इथे खूण करा. एम, मग ए. आता कितीही लांब गेलं तरी इथे परत येता येईल." मी खूण केली. तेवढ्यात साहेब बाहेर आले.

"वा! स्वयंपाकीण ऑफिस चालवते आता? ए बाई, ऊठ. भाकऱ्या थाप जा."

"त्यांना काही बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "माझा फोन आहे."

"फोन आहे? दाखव हात. कुठे दुखतंय, दाखव."

त्यांनी प्लास्टरचा हात धरला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. प्लास्टर तडकल्याचा आवाज आला. ताईंच्या तोंडून जे निघालं त्याला ओरडणं म्हणता येत नाही. साहेबांनी पुन्हा आपटला. पुन्हा उचलला.

मी कधी उठले ते आठवत नाही. दोन्ही हातांनी कीबोर्ड ओढला, वायर सुटली, आणि त्यांच्या कानावर हाणला. कणसाचे दाणे उडावेत तशी बटणं उडाली. ते वळले, माझे केस धरले आणि माझं डोकं फ्रीजवर आपटलं. मी खालूनच नाकावर मारलं. ते गुडघ्यावर बसले, नाक दाबलेल्या हातातून रक्त ठिबकायला लागलं. तिसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तोही मी मारला. तो साहेबांसाठी नव्हता.

ताईंनी कोपराने दार उघडलं. शेजारी आले, वॉचमन आला. "एनायतु, अक्का?" काय झालं म्हणून विचारत राहिला.

"यांना खाली न्या, अण्णा. टाके घालावे लागतील," मी म्हणाले.

"सरी, सरी," बरं बरं म्हणत त्याने त्यांना काखेत धरलं.

"पोलिसात देतो हिला!" साहेब ओरडले.

ताईंनी तडकलेला हात पुढे केला. "चल, मीही येते. हा दाखवते." साहेब तिथून गेले ते भावाकडे. पोलिसात कोणी गेलं नाही.

फोन वाजायला लागला होता. लॅपटॉपला काही झालं नव्हतं, पण धडपडीत पान कुठल्या कुठे गेलं होतं. ताईंचे दात वाजत होते. "मावशी, ते वर लटकणाऱ्या एका बारक्या रेघेचं चिन्ह. मग ए."

लॅपटॉपची स्वतःची बटणं बारीक होती आणि माझी बोटं रक्ताने चिकट. दाबलं. खुणेचं पान समोर आलं. ताई बोलायला लागल्या. इंग्रजी मला कळलं नाही, पण आवाज कापला नाही. त्या मान हलवतील तसं मी पुढे नेलं, मागे नेलं. फोन ठेवला आणि मग त्या खुर्चीवरून घसरल्या. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो.

नोकरी राहिली. ताई येलहंकाला राहायला गेल्या. मी कीबोर्डची किंमत विचारली. ऐकून म्हटलं, "दर महिन्याला थोडे देईन."

"वेड लागलंय का, मावशी? माझा जीव वाचवलात आणि पैसे घेऊ?"

"वस्तू तुमची, मोडली माझ्या हाताने."

याहून जास्त मला बोलता येत नाही. इथे लिहिते. आयुष्यभर मी मार खाल्ला. मारलेले फटके तेवढे तीनच. त्यांचा खर्च दुसऱ्याने केला तर ते दुसऱ्याचे झाले असते.

गेल्या रविवारी बस बदलून येलहंकाला गेले. ताईंनी चहा केला, दोन्ही हातांनी. मी शेवटच्या नोटा ठेवल्या. त्यांनी नको म्हटलं नाही. एकेक मोजली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"फिटले, मावशी."

"सगळे?"

"सगळे."