वानखडे काकांची पाती

वानखडे काका नव्या माणसापुढे चहाच्या आधी घडीचा चाकू ठेवत. तोही सगळी पाती उघडून, खेकडा उताणा पडावा तसा. अकोल्यात आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने आलो, तेव्हा तो पाहून मी हात पाठीमागे घेतले. काका खूश झाले.

"भेतं ना? बराबर हाये. भेत नाही तोच कापून घेते."

भंगारवाल्यांकडून जमवलेले असे कितीतरी जुने चाकू त्यांनी बिस्किटांच्या डब्यांत ठेवले होते. एकात करवत, एकात इवलीशी कात्री. पात्यांच्या बुडाशी कोरलेली पुसट इंग्रजी अक्षरं वाचायला ते मला बोलावत. "इंग्रजीवाली, ये वं." मी जायची, पण पात्याला बोट न लावता वाचायची. काकांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. अमरावतीच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या मुलीने, बजावलं होतं, "बाबा, एकदा जरी कापलं तर तुम्हाला इकडे आणीन. चाकू तिथंच राहतील."

त्या दुपारी काका एक गंजलेलं छोटं पातं नखाने ओढत होते. त्याच चाकूचं मोठं पातं उघडंच होतं. दोन्ही हात गुंतलेले. ते म्हणाले, "पातं मिटव वं, लवकर!"

मी इंग्रजी शाळेतली, चाकूच्या पात्याला ब्लेड म्हणणारी; मला पातं ठाऊक होतं ते डोळ्याचं. मी डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा त्यांचा तळहात लाल झाला होता. रक्त थांबेना. ऑटोत मी ओढणीने त्यांची मूठ दाबून धरली. ते मात्र हसत होते. "अवं, चाकूचं म्हनलं मी, डोयाचं नाही!"

टाके पडले. संध्याकाळी ताई आल्या. "कसं झालं हे? कोण होतं जवळ?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोनी नाही. मीच वेंधळा."

चूक माझी होती. तेवढं सांगितलं असतं तर ताईंनी कदाचित काकांना नेलं नसतं. वाक्य तोंडात तयार होतं. ताईंचा चेहरा पाहून ते मी गिळलं. दुसऱ्या दिवशी काका अमरावतीला गेले.

मी कधीतरी फोन करते. "मजेत हाये," ते म्हणतात. "इथं भाजीबी चिरूनच येते." मागून ताई विचारतात, कोण आहे? "अकोल्याची पोरगी," काका सांगतात. मग मला विचारतात, "देऊ का ताईले फोन?"

"नको," मी म्हणते. "सहजच केला होता."