झोक्याच्या दोरीवर टांगलेले इंजिन

अमळनेरच्या जुन्या तेलगिरणीत झुलाल निंबा पाटील यांनी एकतीस वर्षे फिटर म्हणून काढली. गिरणी बंद पडली तेव्हा गोदामात मालकांची एक ऑस्टिन मोटार उभी होती, १९४९ सालची. चाकांत हवा नव्हती आणि मागच्या आसनात उंदरांनी सरकीचा कापूस साठवला होता. मालकांच्या धाकट्या चिरंजीवांनी "घेऊन जा, जागा मोकळी होईल" असे म्हटले आणि झुलालभाऊंनी ती बैलजोडीने ओढत घरी आणली. हे १९८५च्या माघात घडले. गिरणीने आपला सन्मान म्हणून मोटार दिली, असे पुढे ते सांगत. तसे सांगण्याला आधार नाही. जागा मोकळी करायची होती, इतकेच खरे.

मोटार मात्र त्यांना हवी होती, आणि ती हौसेसाठी नव्हती.

आदल्या साली त्यांची एकुलती एक लेक सुनंदा हिची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, पण ती आपली आपण येत नाही. बाप किंवा भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो, आणि तो आला नाही तर सासरची माणसे तिला पाठवत नाहीत. सुनंदाला भाऊ नव्हता. झुलालभाऊ स्वतः पॅसेंजरने नरडाण्याला उतरले आणि तिथून दीड कोस चालत व्याह्यांच्या गावी पोहोचले. व्याही चुडामण पाटील ओट्यावर चारचौघांत बसले होते. धुळीने भरलेले धोतर आणि हातातली पिशवी पाहून ते हसत म्हणाले, "एवढा मोठा मिस्तरी, आनि मुऱ्हाळी पायी? पुढला सालले मोटर लई या, मंग पोर धाडसूत!"

ओटा हसला. झुलालभाऊही हसले. पोर त्या साली आली, कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर दोन दिवस बसली, सांजोऱ्या बांधून परत गेली. पण ते वाक्य झुलालभाऊंच्या मनात अट होऊन बसले. मोटारीखेरीज त्या ओट्यासमोर उभे राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले. ठरवले ते कुणाला सांगितले नाही, त्यामुळे कुणाला ते खोडताही आले नाही.

घरामागच्या गोठ्यात आता जनावर नव्हते. गव्हाण काढून त्यांनी तिथे मोटार उभी केली. इंजिन उतरवायला साखळीची कप्पी कुठून आणणार? त्यांनी मोटार कडुनिंबाखाली ढकलत नेली, झोक्याच्या फांदीवरून दोर टाकला आणि इंजिन वर ओढून घेतले. त्यांच्या पत्नी सुंदरबाई दारात उभ्या होत्या.

"झोकानी दोरी शे ती," त्या म्हणाल्या. "आखाजीले पोर येई, तवय तिले कसावर बसाडशात?"

"दुसरी लई येसू."

"अन् आनाले कोन जाई?"

"मी. मोटर लईसन."

त्या साली मोटार झाली नाही. झुलालभाऊंनी सुनंदाच्या नावे पोस्टकार्ड टाकले : गाडीचे काम चालू आहे, झाले की लगेच न्यायला येतो. पुढच्या साली सिलिंडर धुळ्याला नेऊन घासून आणले, नवे पिस्टन बसवले आणि इंजिन परत मोटारीत चढवले. पण ब्रेकचे सामान मुंबईहून येणार होते, ते आलेच नाही. आखाजीच्या आठवड्यात तेच पोस्टकार्ड गेले. झुलालभाऊंच्या बहिणीचा मुलगा धनसिंग जवळच राहत होता. तो म्हणाला, "मामा, मी जास ना. सकायनी गाडी शे, दुपारले ताईले लई येस."

"तू पायी जाशी, अन् तो वट्टावर बठीसन हासी."

"हासू द्या. हासामा काय काटा टोचस?"

"तुले नही टोचनार."

धनसिंगने पुन्हा विचारले नाही. सुंदरबाई मात्र विचारत राहिल्या. अमळनेरहून नरडाणा पॅसेंजरने तासाभराची वाट. ती वाट त्यांच्या घरातून चार वर्षे कुणी चालले नाही. त्या आखाजीला पुरण शिजवत, पितरांची घागर भरत, आणि रिकाम्या फांदीकडे पाहून म्हणत, "गाडी चालू करता करता तुम्ही पोरनी वाट बंद करी टाकी."

ब्रेकच्या सामानाची वाट पाहताना इंजिन गंजू नये म्हणून झुलालभाऊ दर महिन्याला प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडत. तेल घरचेच होते : गिरणीच्या शेवटच्या घाण्याचे कच्चे सरकीचे, दोन डबे. शेजारच्या मोतीलाल मिस्तरींनी टोकलेही होते, की खायचे तेल इंजिनात घालू नये. झुलालभाऊंनी ते हसण्यावारी नेले. एकतीस वर्षे त्यांनी याच तेलात हात घातले होते. गिरणीचे दांडे, घाणे, बेअरिंगे याच तेलाने निथळत असत आणि कधी अडली नव्हती. पण त्यांच्या अनुभवात एक मोठी खोट होती. गिरणी रात्रंदिवस चाले. चालत्या, तापलेल्या यंत्रातले तेल घट्ट होत नाही. थांबलेले यंत्र झुलालभाऊंनी उभ्या आयुष्यात पाहिलेच नव्हते. खानदेशातल्या तीन उन्हाळ्यांत बंद सिलिंडरमधले ते तेल आधी मधासारखे झाले, मग डिंकासारखे, मग लाखेसारखे.

१९८८ सरता सरता, पौषात, सुंदरबाई गेल्या. ताप आठ दिवसांचा. शेवटच्या दोन दिवसांत त्या गाडीचा आवाज आला का, असे विचारत होत्या. कोणत्या गाडीचा, ते त्यांनी सांगितले नाही आणि झुलालभाऊंनी विचारले नाही. सुनंदा आली ती मातीला. तेरा दिवस राहिली, आणि गोठ्याकडे एकदाही गेली नाही.

त्यानंतर झुलालभाऊ दिवसभर गोठ्यात दिसू लागले. ब्रेकचे सामान त्यांनी इंदूरहून स्वतः आणले. पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला, दारांच्या मुठी घासल्या. चैत्रात, आखाजीला बारा दिवस उरले असताना, त्यांनी पुढून हँडल लावले. ते तसूभर हलले नाही. त्यांनी इंजिनाचे डोके, म्हणजे वरचे झाकण, उघडले. चारही पिस्टन पिवळ्या काचेत बसवल्यासारखे जागच्या जागी घट्ट होते.

मोतीलाल मिस्तरी म्हणाले, "घासलेट भरा. पंधरा दिन तसंच राहू द्या. हात लावू नका."

पंधरा दिवस नव्हते. चौथ्या दिवशी झुलालभाऊंनी पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवला आणि घण उचलला. पहिल्या तीन घावांना काही झाले नाही. चौथ्याला आवाज वेगळा आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी फट गेली होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवून पाहिले. मग घण भिंतीला टेकवून ठेवला, हत्यारे एकेक पुसली आणि खुंटीला लावली. गिरणीतली पाळी संपल्यावर ते असेच करत असत.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते पॅसेंजरने नरडाण्याला उतरले आणि दीड कोस चालले. धोतर धुळीने भरले. ओटा तोच होता. चुडामण पाटील आता काठी घेऊन बसत. ते धडपडत उठले आणि गळ्यात पडले.

"व्याही! किती सालनी याद उनी!"

"मोटर नही जमनी," झुलालभाऊ म्हणाले. "तशाच उनू."

"कसानी मोटर?"

झुलालभाऊंनी ते वाक्य त्यांना जसेच्या तसे ऐकवले. चुडामण पाटलांनी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला.

"मी म्हनं? म्हनं व्हई. ते तर मी बठ्ठा व्याहीसले म्हनस. पाचही सूना ह्याच वट्टावरथून धाडेल शेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "अन् तुम्ही चार साल ते धरी बठनात? आम्हले वाटनं, तुम्हले पोर नको व्हयनी."

सुनंदा आतून पाणी घेऊन आली. तिच्या हातात तांब्याबरोबर चार पोस्टकार्डे होती. तिने ती बापाच्या शेजारी ठेवली. चारही कार्डांवर एकच वाक्य होते, अक्षरही तेच. फक्त तारखा वेगळ्या.

"चाल बेटा," झुलालभाऊ म्हणाले. "आखाजी शे."

"आबा, झोका माय बांधे."

"मी बांधस."

"दोरी शे?"

"शे," ते म्हणाले.

तिने त्यांच्या हातांकडे पाहिले. नखांत काळे गेले होते, ते धुवून निघणारे नव्हते. मग म्हणाली, "माय नही तं माहेर कसानं, आबा? पानी प्या. सांजनी गाडी शे, चुकी जाई."

सांजच्या गाडीने झुलालभाऊ एकटेच परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुंदरबाईंच्या नावाची पहिली घागर भरली. वर खरबूज ठेवले, पान वाढले. मग इंजिनाच्या तेलाने काळा पडलेला झोक्याचा दोर गोठ्यातून काढून हौदावर नेला आणि आधी राखेने, मग साबणाने, मग सोड्याने घासू लागले. शेजारच्या अंगणांत पोरींच्या झोक्यांची गाणी चालू होती. दुपारपर्यंत हौदाचे पाणी काळे झाले. दोर तसाच राहिला.